दिवाणातली दोन हजार पाकिटं

आचल धोटेच्या कार्डावर ‘मार्केटिंग स्पेशालिस्ट’ असं छापलेलं आहे. हे कार्ड तिनं पहिल्यांदा अल्लीपूरला वडिलांच्या हातात ठेवलं, तेव्हा बबनरावांनी ते चष्मा न लावता, हात लांब करून वाचलं आणि शेजारच्या माणसाला सांगितलं, "पोरगी मार्केटात लागली." तेव्हापासून ती गावात गेली की कोणी ना कोणी तिला थांबवून विचारतं, "काय वं आचल, आज कापसाचा भाव काय निघाला?"

सुरुवातीला ती समजावून सांगायची. आपलं काम बाजार समितीतलं नाही, आपण एका तेलघाणीची जवसाची चटणी लोकांपर्यंत पोहोचवतो, वगैरे. लोक मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "ते ठीक हाये, पण भाव काय निघाला?" आता ती गावाच्या बसमध्ये बसण्याआधी मोबाईलवर हिंगणघाटचा भाव पाहून ठेवते. विचारलं की सांगते. समोरच्याला काय हवं आहे ते आधी ओळखावं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा तिला गावानंच दिला.

तिची नोकरी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत, ताराचंद शेठजींच्या घाणीवर. घाणी शेठजींच्या आजोबांपासूनची. जवस, तीळ, शेंगदाणा यांचं तेल निघतं आणि मागे उरलेली ढेप आसपासच्या खेड्यांतली माणसं गाई-म्हशींसाठी पोत्यांनी नेतात. दोन वर्षांपूर्वी शेठजींनी घाणीमागची लांबट खोली रंगवून घेतली, तिथे दोन चुली, एक मिक्सर, एक पाकीट बंद करायचं यंत्र बसवलं आणि आजीच्या नावानं ‘केसरबाई जवस चटणी’ सुरू केली. कामाला सहा बाया. त्यांच्यात मोठ्या देवकाबाई, ज्यांनी आधीची तीस वर्षं लोकांच्या शेतात निंदण केलं आणि ज्यांचे गुडघे आता जमिनीला टेकायला तयार नसतात. नागपुरात एमबीए झालेली आचल तिथे आली ती मागच्या दिवाळीआधी. सहा बायांनी तिला पहिल्या दिवशी वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचं काम काय, हे एकीनं विचारलं तेव्हा देवकाबाईंनीच उत्तर दिलं, "आपण बनवतो. हे सांगत फिरते."

उत्तर तसं बरोबर होतं, पण अर्धंच. आचलच्या कामात सांगणं थोडं आणि पाहणं फार. सावंगीच्या एखाद्या किराणा दुकानात ती तास-दीड तास कोपऱ्यात उभी राहते आणि लोकांचे हात पाहते. हात पाकिटाकडे जातो का, पाकीट उलटं करतो का, किंमत पाहून परत ठेवतो की आधी नाकाशी नेतो. वरच्या फळीवरचं पाकीट ठेंगण्या बायांना दिसतच नाही, हे तिला पहिल्या आठवड्यात कळलं. दुकानदाराची मनधरणी करून तिनं ते साबणाशेजारून काढून लोणच्याशेजारी आणलं. पाकिटावरचा मजकूर ती लिहिते, वजन आणि किंमत ती ठरवते, कोणत्या गावच्या आठवडी बाजारात कधी टेबल मांडायचं ते ती ठरवते, आणि माल परत आला तर तो का आला हे विचारायलाही तीच जाते. सगळं एका निळ्या वहीत टिपलेलं असतं.

पण चटणी खपत नव्हती. आमच्याकडे जवसाची चटणी विकत आणणं म्हणजे पाणी विकत आणण्यासारखं. ज्या घरी ती होत नाही, त्या घरी ती माहेरून येते. डिसेंबरात शेठजी चटणीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, चपला काढाव्या लागतात म्हणून.

"देखो बेटा," ते आचलला म्हणाले, "ढेप बाहेर पडून आहे, उंदीर लागून राह्यले. मला ही खोली पाहिजे. पाडव्यापर्यंत थांबतो. एका महिन्यात हजार पाकिटं दुकानातून उठली तर ठीक. नाही तर चटणी बंद, खोलीत ढेप."

"आणि या मावश्या?"

"दोघींना घाणीवर घेऊन टाकीन. बाकीच्यांचं…" शेठजींनी वाक्य पुरं केलं नाही. ते वाईट माणूस नाहीत, म्हणूनच केलं नाही.

देवकाबाई कढईत जवस हलवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हलवता हलवताच म्हणाल्या, "निंदाले आता जमत नाई वं पोरी."

त्या आठवड्यात आचलला संक्रांतीची कल्पना सुचली. तिला ती इतकी आवडली की तिनं लॅपटॉपवर त्याचा रंगीत तक्ताच केला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदी-कुंकू असतं. बोलावलेल्या प्रत्येक बाईला वाण द्यावं लागतं: वाटी, चाळणी, कंगवा, काहीही. मग यंदा चटणीच का नको? वर्ध्यातल्या चाळीस घरांना प्रत्येकी पन्नास छोटी पाकिटं फुकट द्यायची. त्या घरची बाई ती वाण म्हणून वाटणार. एका फटक्यात दोन हजार स्वयंपाकघरांत केसरबाई. यजमानीण खूश, कारण वाणाचा खर्च वाचला. शेठजींनी तक्त्याकडे पाहिलं, हिशेब डोक्यात केला, आणि "चलो" म्हणाले. कोणत्या भागातलं पाकीट कुठवर जातं हे कळावं म्हणून आचलनं प्रत्येकावर पेनानं बारीक आकडा घातला. एक ते दोन हजार. तिची बोटं दोन दिवस निळी होती.

रथसप्तमी झाली. पाकिटावर फोन नंबर छापलेला होता. एकही फोन आला नाही. दुकानांतून तीन आठवड्यांत एक्केचाळीस पाकिटं गेली. "लोक खाऊन राह्यले असतील," असं ती बायांना सांगत राहिली. देवकाबाईंनी फक्त "हाव" म्हटलं, आणि त्यांच्या ‘हाव’चे किती अर्थ होतात ते तिला एव्हाना कळू लागलं होतं.

पुढच्या रविवारी ती अल्लीपूरला गेली. दुपारी आईनं, शकुंतलाबाईंनी, तिला स्वयंपाकघरातून हाक मारली. शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण होतं.

"आचल, दिवाणातून एक स्टीलची वाटी काढ बरं. वरची काढजो, खालच्या पतल्या हायेत."

तिनं दिवाणाची फळी उचलली. हे दिवाण ती लहानपणापासून पाहत आली होती. गाद्यांच्या खाली, जुन्या साडीत बांधलेलं वाणाचं गाठोडं: प्लॅस्टिकच्या चाळण्या, आरसे, साबणदाण्या, कंगव्यांचं पाकीट, एकात एक घातलेल्या वाट्या. आणि त्या वाट्यांवर, नीट, एकावर एक, केसरबाई जवस चटणीची तीन पाकिटं.

८७. ६१२. ११४०.

तिनं सहाशे बारा उचललं. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

"आई, ही फोडली का नाही?"

"अवं, नोको फोडू! पुढच्या सालच्या वाणाले कामी येईन."

"आई, ही माझी चटणी आहे."

"मले माहीत हाय तुही हाय," शकुंतलाबाई हात पुसत दारात आल्या. "म्हणून तं जपून ठेवली."

आचल दिवाणाच्या काठावर बसली. वाण फोडायचं नसतं, वापरायचं नसतं, ते पुढे द्यायचं असतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. सहावीत असताना तिनं स्वतः आईसाठी वाट्या मोजून दिल्या होत्या. तरी लॅपटॉपवर तक्ता करताना ते एकदाही आठवलं नाही. तक्त्यात दिवाण नव्हतं.

"हे कोणी दिलं तुला?"

"पोस्टातल्या काकूनं."

पोस्टातल्या काकू दोन घरं टाकून राहतात. आचल पाकीट ओढणीत धरून गेली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काकू, संक्रांतीला जवसाची चटणी आली होती ना तुमच्याकडे? कशी होती?"

"मस्त! यायनं तं दोन भाकरी जास्त खाल्ल्या."

आचलनं पाकीट समोर ठेवलं. काकूंनी आकडा पाहिला, पाकीट पाहिलं, आचलकडे पाहिलं. मग पदर तोंडाशी नेऊन त्या इतक्या हसल्या की आतून काका बाहेर आले. "जाऊ दे ना वं," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "घरचीच चीज घरी आली ना शेवटी!"

काकूंना ते हिंगणघाटच्या नणंदेनं दिलं होतं. नणंदेला फोन लावला. तिनंही आधी चव सांगितली, मग खरं सांगितलं. तिला सिंदी मेघेच्या मामेबहिणीनं, तिला रामनगरच्या एका शिक्षिकेनं. पाच घरं, बावीस दिवस. सहाशे बारा नंबरचं पाकीट वर्ध्याहून अल्लीपूरला बसचं तिकीट न काढता, एक ओरखडा न उमटता येऊन पोहोचलं होतं. बाकीच्या दोन्ही पाकिटांचीही वाट अशीच निघाली. सोमवारी आचलनं चाळीसही यजमानिणींना विचारून पाहिलं. दोन हजारांतली खात्रीनं फोडलेली निघाली अठ्ठावन्न, आणि त्यातलं एक मांजरानं.

चटणीच्या खोलीत तिनं हे सांगितलं तेव्हा सहाही बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक हसली, मग सगळ्या. देवकाबाई सर्वांत शेवटी हसल्या आणि सर्वांत आधी थांबल्या.

"पण पोरी, हे जवस हाय. फागून सरला का खवट होते."

पाकिटावर तीन महिने लिहिलेलं होतं. एप्रिल उजाडला की दोन हजार पाकिटं दिवाणांच्या अंधारात खवट होत जाणार होती. पुढच्या संक्रांतीला ती पुन्हा निघणार, पुन्हा फिरणार, आणि कुठेतरी, कोणीतरी शेवटी एखादं फोडून तोंडात घालणार. मग केसरबाईचं नाव घरोघरी होईल, यात शंका नव्हती.

शेठजींना सांगणं भाग होतं. ते ऐकून घेतल्यावर थोडा वेळ गल्ल्यावर बोटं वाजवत बसले.

"एक काम करो. उठवून द्या की काही पाकिटांत चांदीचं नाणं आहे. एका दिवसात सगळी फुटतील."

"नाणं आहे का शेठजी?"

"दोन-चार टाकू."

"मग बाया चटणी उकरून नाणं शोधतील. चटणी खाणार कोण?" आचल म्हणाली. "त्यापेक्षा खरंच सांगू. पाकीट तुमच्या दिवाणात आहे, ते टिकत नाही, फोडून खा. भोंग्यावर सांगू, गल्लोगल्ली."

"अपने माल को अपने मुंह से खराब बोलना?" शेठजी उभेच राहिले. "आजोबांपासून घाणी आहे, असं कोणी केलं नाही."

"माल चांगला आहे म्हणूनच लवकर खराब होतो ना. जे वर्षभर दिवाणात राहून तसंच राहतं ते वाटी असते."

"नाही म्हणजे नाही," म्हणून शेठजी घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले ते चपला काढून थेट चटणीच्या खोलीत. हातातली कापडी पिशवी त्यांनी टेबलावर उलटी केली. केसरबाईची चार पाकिटं निघाली. आकडे घातलेली.

"घर से निकली," ते म्हणाले. "मैंने पूछा, तो सेठानी बोली, आपकी ही तो है, संभाल के रखी." एवढं बोलून ते कोणाकडे न पाहता बाहेर गेले. दारातून त्यांचा आवाज आला, "भोंगा लावा."

आवाज देवकाबाईंचा असावा, हे आचलनं ठरवलं. देवकाबाई तीन वेळा नाही म्हणाल्या. चौथ्यांदा त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि लिहून दिलेला कागद बाजूला ठेवून, निंदणाच्या ओळीतून पलीकडच्या बाईशी बोलावं तशा मोकळ्या गळ्यानं बोलल्या:

"ऐका वं बायाहो! संक्रातीच्या वाणात भेटलेलं केसरबाईच्या चटणीचं पाकीट तुमच्या दिवाणात हाय. आमाले माहीत हाय. आमच्याबी दिवाणात हाय, लपवून काय करता! पण हे चटणी हाय, वाटी नोय. पाडवा आला का खवट होते. आजच फोडा, भाकरीसंग खा. नाई आवडली तं पाकिटावर नंबर हाय, फोन करून बोला, आमी ऐकून घेऊ. पण पुढच्या सालच्या वाणात देऊ नोका वं माय!"

भोंगा फिरवायला निकेशचा ऑटो. निकेश तिशीतला, गंभीर चेहऱ्याचा माणूस. वर्ध्यातल्या निम्म्या घोषणा त्याच्या ऑटोतून होतात. त्यानं रेकॉर्डिंग एकदा पूर्ण ऐकलं.

"मॅडम, मी साड्यांचा सेल फिरवला, शाळेची अ‍ॅडमिशन फिरवली, एकदा हरपलेली म्हैस फिरवली. पण बायांचं दिवाण नाई फिरवलं कधी. मारतीन तं नाई?"

"मी बसते ना तुमच्यासोबत."

"मंग दोघांले मारतीन," निकेश म्हणाला आणि ऑटो सुरू केला.

रामनगरच्या पहिल्या गल्लीत भोंगा लागला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऊन नुकतं तापायला लागलेलं. देवकाबाईंचा आवाज ‘दिवाणात हाय’ या शब्दापर्यंत आला आणि एका फाटकाशी तुळशीला पाणी घालणारी बाई तांब्या हातात धरून तशीच थांबली. समोरच्या गॅलरीत दुसरी आली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बहुधा त्यांच्यातच एक पाकीट इकडून तिकडे गेलेलं असावं, कारण आधी एक हसली आणि मग दोघींना थांबवेना. आतून कोणा पुरुषाचा आवाज आला, "काय हो, आपल्या दिवाणात काय काय आहे अजून?"

पुढच्या वळणावर एक बाई धावत ऑटोसमोर आली.

"धीरे लावा ना भौ! माही नणंद आलेली हाय घरी."

"मग काय झालं?" आचलनं विचारलं.

"अवं, पाकीट तिनंच मले देल्लं होतं. आन् मी विसरून तिलेच परत देल्लं! आता दोघी अंदर बसून एकमेकीच्या तोंडाकडे पाहून राह्यलो."

निकेशनं आवाज कमी केला आणि गल्ली संपल्यावर पुन्हा वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा, असं तो नंतर सांगत असे, लोक भोंग्याला कंटाळून खिडक्या लावत नव्हते, उघडत होते.

चार दिवस ऑटो फिरला. कोणीतरी त्याचं चित्रण करून मोबाईलवर टाकलं आणि ते ऑटोच्या कितीतरी पुढे गेलं. दुसऱ्या संध्याकाळी अल्लीपूरहून फोन आला.

"आपल्या घरातली गोष्ट भोंग्यावर सांगते का वं?" शकुंतलाबाई कडाडल्या. "बाया मले पाहून हासून राह्यल्या!"

"आई, भोंगा वर्ध्यात फिरला. अल्लीपूरला नाही."

"मोबाईल नाई का अल्लीपूरले?" मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "फोडले मी तिन्ही. तुह्या बाबानं खाल्ली. मीठ बरोबर हाय. पण जवस कच्चं लागते वं. जराक जास्त भाजाले सांगजो तुह्या मावशीले."

आचलनं ते निळ्या वहीत लिहिलं. आईच्या फोननंतर आणखी फोन येत राहिले. आठ दिवसांत तीनशे सतरा. कोणाला लसूण कमी होता, कोणाला तिखट जास्त; एका आजोबांनी फक्त त्यांच्या आईची चटणी कशी असायची ते दहा मिनिटं सांगितलं आणि फोन ठेवला. पण दोनशेहून जास्त बायांनी एकच सांगितलं: जवस कच्चं लागतं.

आणि ते आचलचंच काम होतं. आल्या आल्या तिनं देवकाबाईंना जवस कमी भाजायला लावलं होतं. पूर्ण भाजलेली चटणी पारदर्शक पाकिटात काळपट दिसते, दुकानात हात तिच्याकडे जात नाही, हे तिनं स्वतः पाहून टिपलेलं होतं. तेव्हा देवकाबाई म्हणाल्या होत्या, "खातीन डोयानं का तोंडानं?" आचलनं त्यांना वही दाखवली होती.

या वेळीही ती वही घेऊनच गेली. दोनशे चौदा रेघा ओढलेलं पान तिनं देवकाबाईंसमोर धरलं.

"मावशी, माझं चुकलं."

देवकाबाईंना वाचता येत नाही, पण रेघा मोजता येतात. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "एवढ्या बायांनी सांगतलं?"

"हो."

"मी एकटीनं सांगतलं होतं तं नाई ऐकलं." त्या हसत नव्हत्या, मग हसल्या. "जाऊ दे. तुले रंग पाहाची घाई झालती. आण ती कढई."

त्या दुपारी जवस पूर्ण भाजलं गेलं. कढईत दाणे तडतडायला लागले, उडून देवकाबाईंच्या मनगटावर बसायला लागले, आणि वास खोलीतून घाणीत, घाणीतून रस्त्यावर गेला. आचलनं पाकिटाचा कागद बदलला, आरपार दिसणारा काढून टाकला, आणि वर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलं: ‘आणली की फोडा.’ ज्या बायांनी फोन केले होते त्यांना तिनं परत फोन केले. तुम्ही सांगितलं तसं भाजलंय, दुकानात आलंय, पाहा. काहींना तर विश्वासच बसेना की कोणी ऐकलं. फोन करायचं काम निम्मं देवकाबाईंनी घेतलं, आणि त्या प्रत्येकीला सांगत, "हाव बाई, मी आधीपासून तेच म्हणत होती, पण आमची मॅडम शिकलेली पडली ना!" आचल शेजारीच बसलेली असायची.

मार्चच्या मध्यात कारंजा घाडगेहून धनंजय नावाच्या ढाबेवाल्याचा फोन आला. अमरावती रस्त्यावर त्याचा ढाबा. एका ट्रकवाल्यानं त्याला भोंग्याचं चित्रण दाखवलं होतं.

"मॅडम, आमच्याकडे दिवाण नाही, पण बावीस टेबलं आहेत. पाकीट नको. डब्यात द्या, सुटी. भाकरीबरोबर टेबलावर ठेवतो."

आचल दोन किलोचा डबा मांडीवर घेऊन बसनं गेली. धनंजयनं बोटावर घेऊन चाखली, डबा उचलून आत नेला आणि रिकामा करूनच परत आणला. "पंधरवड्याला वीस किलो," तो म्हणाला. "आणि भाजणं बदलायचं नाही."

पाडव्याच्या आदल्या दुपारी शेठजी पुन्हा चटणीच्या खोलीत आले. मागे दोन हमाल उभे होते. सहाही बायांचे हात थांबले. यंत्राची गरम पट्टी उगाच फुसफुसत राहिली.

"बोलो," शेठजी म्हणाले. "मार्चमध्ये दुकानातून किती?"

आचलला आकडा रात्रभर पाठ होता. "आठशे सहा."

"हजार बोला था."

"हो. ढाब्याचं वेगळं आहे, पण ते दुकानातलं नाही. दुकानातली आठशे सहाच." तिनं काही गोलमाल केला नाही. देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

शेठजींनी एक नवं पाकीट उचललं, तळहातावर वजन करावं तसं धरलं. "फोन कितने आए बोली थी?"

"तीनशे सतरा."

"साठ साल से घाणी है. इतकं तेल विकलं. एकाही माणसानं आजपर्यंत फोन करून सांगितलं नाही की तेल कसं लागलं. घेतात, जातात." ते जरा वेळ पाकिटावरचं आजीचं नाव वाचत राहिले. मग हमालांकडे वळले. "ढेप माझ्या ऑफिसात लावा. टेबल व्हरांड्यात काढा."

हमालांनाही आधी कळलं नाही. मग देवकाबाई ओरडल्या, "ऐकू नाई आलं का रे? शेटजीच्या हापिसात!" आणि खोलीत एकदम सगळ्या बोलायला लागल्या.

तेव्हापासून शेठजी व्हरांड्यात बसतात. ढेप न्यायला आलेल्या माणसाला पोतं बांधून होईपर्यंत ते चमचाभर चटणी हातावर देतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. परवा एक शेतकरी हातावरची चटणी चाखून म्हणाला, "जवस बरोबर भाजलं शेटजी."

"भाजणारच," शेठजी म्हणाले. "तीनशे सतरा बायांनी सांगितलंय."

"तीनशे एकोणचाळीस," आतून आचलचा आवाज आला. "सकाळी दोन आले. मीठ जास्त झालंय म्हणतात."

"कोण म्हणते?" कढईजवळून देवकाबाईंनी विचारलं. "नंबर दे बरं तिचा."